आत्याचे घर आवरले



पाऊस संपला. भिंतींची ओल वाळू लागली. आता घरोघर दिवाळीची आवराआवर सुरू होईल. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती घरांत ती नाताळाच्या आधी होईल. भिंतीला रंग लागेल, भांडी घासली जातील, माळ्यावरचे सामान खाली येईल. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो आणि तिला हळदकुंकू वाहतो. केरसुणीला लक्ष्मी मानणारी आपण माणसे. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन गावोगाव झाडत फिरले. तेव्हा घर स्वच्छ ठेवा, हे आम्ही तुम्हांला वेगळे काय सांगावे?

आज आम्हांला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. समजा, आवरायचे घर आपले नाही. ते आपल्या म्हाताऱ्या आईचे आहे, आत्याचे आहे, काकांचे आहे. घर सामानाने भरून गेले आहे. चालायला वाट नाही. आपल्याला काळजी वाटते. पण सामानाला हात लावला की ते माणूस रागावते. मग करावे काय?

यावर दोन गोष्टी सांगतो. दोन्ही आमच्या घरातल्या आहेत. पहिलीत आम्ही चुकलो. दुसरीत आम्हांला थोडे शहाणपण आले.

आमची चूक

आम्ही तेव्हा तिशीत होतो. शाळेत मास्तर होतो. शिकलेल्या माणसाला सगळे कळते, असा तेव्हा आमचा समज होता. वडील वारून वर्ष झाले होते. दिवाळीच्या आधी आई आठ दिवस आपल्या बहिणीकडे अर्नाळ्याला गेली. आम्ही मनात म्हटले, आई येण्याआधी घर लख्ख करू. ती येऊन पाहील तर चकित होईल.

दोन दिवस खपलो. फुटक्या बरण्या, गंजके डबे, तुटक्या खुर्च्या, सगळे बाहेर काढले. आईच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. गंजून तिचा तळ गेला होता. उघडून पाहिले तर आत चिंध्या. भंगारवाला दारात उभाच होता. पेटी चिंध्यांसकट त्याच्या गाडीवर गेली.

आई आली. घरभर फिरली. म्हणाली, "छान केलंस रे." मग वाकून तिने खाटेखाली पाहिले.

"इथली पेटी कुठं आहे?"

"आई, ती गंजली होती. आत नुसत्या चिंध्या होत्या."

आई खाटेवर बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चिंध्या नव्हत्या रे त्या. तुझ्या बहिणीचं झबलं होतं."

आमच्या पाठची बहीण आठ महिन्यांची होऊन गेली होती. आम्ही तेव्हा फार लहान होतो. आम्हांला तिचा चेहराही आठवत नाही. आईने तिचे झबले आणि टोपडे इतकी वर्षे जपून ठेवले होते. आम्ही धावत भंगारवाल्याकडे गेलो. माल पुढे गेला होता.

त्याच पेटीत वडिलांच्या जमिनीचे खरेदीखत होते, हे मागाहून कळले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. खरेदीखताची नक्कल मिळाली. पण झबल्याची नक्कल कोणत्या कचेरीत मिळणार?

आई आम्हांला कधी रागे भरली नाही. पण त्या दिवसापासून तिने आपल्या कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोवली. घर तिचे, मुलगा तिचा. तरी मुलापासून कुलूप. ती किल्ली आम्हांला रोज दिसे. आई जाईपर्यंत ती तिच्या कमरेलाच होती.

म्हातारी माणसे वस्तू का साठवतात?

आपण म्हणतो, "म्हाताऱ्यांना काही टाकवत नाही." पण असे का, याचा विचार करीत नाही.

आज जे फार म्हातारे आहेत, त्यांचे लहानपण आठवा. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशन सुरू झाले. कापडाचीही टंचाई होती. एका लुगड्याचे आयुष्य मोठे असे. आधी आई नेसे. फाटले की त्याची दुपटी होत, मग गोधडी, मग पोतेरे. पुढे १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा रेशनच्या दुकानात परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. त्याच्या भाकरी आम्हीही खाल्ल्या आहेत. त्या दिवसांत रिकामा डबा टाकणारा माणूस वेडा ठरला असता.

ज्याने टंचाई पाहिली, त्याचा हात वस्तू टाकायला धजत नाही. "असू दे, लागेल कधी तरी." या शब्दांत लोभ नाही. त्यात जुनी भीती आहे.

दुसरे कारण आठवणीचे. माणसे जातात, वस्तू राहतात. आपल्याला फुटका तांब्या दिसतो. तिला तांब्याबरोबर सासूबाई दिसतात.

तिसरे कारण मानाचे. वय झाले की एकेक गोष्ट हातातून जाते. शेत मुलगा पाहतो. पैसे सून पाहते. औषध कोणते घ्यायचे ते डॉक्टर सांगतो. उरते काय? आपले घर आणि आपले सामान. त्यावरही दुसऱ्याने हुकूम चालवला, तर मग आपले म्हणून राहिले काय?

ही तीन कारणे ध्यानात ठेवली, तर निम्मे भांडण मिटते.

आत्या पडली

आता दुसरी गोष्ट.

आमच्या आत्याचे सासर आगाशीला. घर जुने, कौलारू. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा, परसात विहीर. आत्याचे यजमान वारले. दोन मुलगे विरारला इमारतीत राहतात आणि रोज लोकलने मुंबईला कामाला जातात. आत्या एकटी राहते. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा तिचे वय ८२ होते.

पौषातल्या एका रात्री ती न्हाणीकडे जायला उठली. माजघराच्या दारात वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. त्यांत पाय अडकला. आत्या पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, हाड जुळेल. पण पुन्हा पडू नका."

घरी आल्यावर मुलगे म्हणाले, "आई, आता हे घर बंद कर. आमच्याकडे चल."

आत्या म्हणाली, "मी इथंच राहणार."

थोरला चिडला. म्हणाला, "मग रविवारी टेम्पो आणतो. एका दिवसात सगळी अडगळ साफ करतो."

आत्या म्हणाली, "टेम्पो आणलास तर आधी मला त्यात घाल."

मायलेकांत बोलणे बंद झाले. धाकट्या सुनेने आम्हांला बोलावणे पाठवले. आम्हांला आईच्या कमरेची किल्ली आठवली. मुलांना म्हटले, "टेम्पो राहू दे. मी येतो."

आधी बोलणे, मग काम

आम्ही आणि आमच्या सौ. चैत्रात आगाशीला गेलो. पहिल्या दिवशी कशालाही हात लावला नाही. चहा घेतला. मग विचारले, "आत्या, रात्री उठतेस तेव्हा कुठून जातेस? मला दाखव."

आत्या वॉकर धरून उठली. खाटेपासून निघाली. चार पावलांवर वॉकर अडला. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला गठ्ठे. वॉकर त्यातून जाईना. आत्याने तो तिरपा केला, उचलला, पुन्हा टेकवला. मग आपणच म्हणाली, "अरे, हे गठ्ठे हलवायला हवेत."

मंडळी, हे वाक्य आम्ही बोललो असतो तर भांडण झाले असते. ते तिच्या तोंडून आले, म्हणून काम सुरू झाले.

मग आम्ही तिच्याशी तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली गोष्ट. तिने "हो" म्हटल्याशिवाय एक काडीही घराबाहेर जायची नाही.

दुसरी गोष्ट. सामानाचे चार वाटे करायचे. एक ठेवायचा, एक द्यायचा, एक टाकायचा. चौथा वाटा "मग बघू" असा. ज्याचे ठरत नाही, ते त्या टोपलीत. माणसाला "नाही" म्हणायलाही वेळ लागतो. तो वेळ या टोपलीने दिला.

तिसरी गोष्ट. रोज सकाळी एकच तास काम. आत्या "बस" म्हणाली की बस.

आत्या प्रौढपणी अक्षर शिकली आहे. तुमच्यासारख्याच एका रात्रीच्या वर्गात. तिला म्हटले, "कोणती वस्तू कुणाला द्यायची, त्याची चिठ्ठी तू लिही." आत्याने चष्मा लावला. मोठ्या, वाकड्या अक्षरांत पहिली चिठ्ठी लिहिली : "हंडा. धाकट्या नातीला." आणि स्वतःच्या हाताने हंड्यावर चिकटवली. त्या दिवशी तिच्या तोंडावर आम्ही पहिल्यांदा हसू पाहिले.

वाट, स्वयंपाकघर आणि परस

सुरुवात वाटेपासून केली. खाटेपासून न्हाणीपर्यंत, खाटेपासून चुलीपर्यंत, माजघरापासून ओटीपर्यंत. वर्तमानपत्रे रद्दीत दिली. पण आधी एकेक गठ्ठा झटकून पाहिला. एका गठ्ठ्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. सरकणारी सतरंजी उचलली. न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडा बसवला. रात्री जळत राहील असा छोटा दिवा लावला. या कामाला दोन दिवस लागले. घर अजून भरलेलेच होते, पण पडण्याचे भय पुष्कळ कमी झाले. म्हणून म्हणतो, सगळे घर आवरणे जमत नसेल, तर निदान वाट मोकळी करा.

मग स्वयंपाकघर. आत्या रोजची भांडी उंच फळीवर ठेवी आणि स्टुलावर चढून काढी. ती कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणून ठेवली. फळीवर कधीचे पीठ होते, त्यात किडे झाले होते. औषधांच्या पाकिटांवर मुदतीची तारीख छापलेली असते. आमच्या सौ. एकेक तारीख वाचून दाखवीत. मुदत संपलेली वेगळी काढली. आत्या म्हणाली, "पैसे घातलेत रे त्यात." आम्ही म्हटले, "आत्या, पैसे गेले ते गेले. आता जीव सांभाळू."

परसात तर करवंट्या, फुटके डबे, दोन जुने टायर. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत, असे आरोग्य खाते सांगते. करवंट्या उपड्या केल्या, टायर काढले.

लाकडाचा ढीग हलवताना पायांत बूट घातले, हातात काठी घेतली. ढिगात उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप आहेत. कधी दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या.

पडवीत फवारणीच्या औषधाच्या जुन्या बाटल्या होत्या. लेबले गेलेली. अशी बाटली उघडू नये, हुंगू नये, विहिरीत किंवा खाडीत ओतू नये. एंडोसल्फानसारखी काही औषधे आता बंद झाली आहेत. त्यावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. जुन्या वाड्यांत अशा बाटल्या सापडू शकतात. त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि कृषी खात्यात विचारून त्यांची वाट लावावी.

कागद वाचून मगच टाकावा

चौथ्या दिवशी कागद काढले. लाडवांचे डबे, उशीची खोळ, देवघराचा खण, सगळीकडे कागद. आमच्या सौ. वाचीत, आत्या ऐके, धाकटी सून वहीत नोंद करी.

सात-बाराचे उतारे, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, खरेदीखत, जन्म-मृत्यूचे दाखले, विम्याचे कागद, पासबुके. हे सगळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच कपाटात ठेवले. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरले आणि आगगाड्याही थांबल्या, हे तुम्ही विसरला नसाल. जमिनीवरच्या पेटीत कागद ठेवणे म्हणजे पाण्याच्या हाती देणे होय.

एका डब्यात आत्याच्या यजमानांचे जुने पासबुक निघाले. त्यात दहा वर्षांहून जास्त काळ व्यवहार नव्हता. थोरला म्हणाला, "हे पैसे बुडाले." तसे नसते. दहा वर्षे व्यवहार झाला नाही, तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करते. हा निधी २०१४ साली सुरू झाला. पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन आपल्याच बँकेत अर्ज करायचा. धाकट्या सुनेने तो केला. रक्कम मोठी नव्हती. पण आत्याने त्यातून न्हाणीला नवी फरशी घातली. न घसरणारी.

उशीच्या खोळीतून नोटाही निघाल्या. त्यांत ५०० च्या काही जुन्या होत्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला सरकारने जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा रद्द केल्या, त्या आता बदलून मिळत नाहीत. आत्याने त्या हातात धरल्या आणि म्हणाली, "आजारपणासाठी ठेवल्या होत्या." आम्ही काही बोललो नाही. घरात कुणा वडीलधाऱ्याकडे २००० ची नोट निघाली, तर ती मात्र टाकू नका. २०२३ साली त्या नोटा मागे घ्यायचे ठरले. त्या आता गावच्या बँकेत चालत नाहीत, पण मुंबई, बेलापूर अशा ठिकाणच्या रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत स्वीकारल्या जातात.

एक बासन मोडी कागदांचे होते. मोडी म्हणजे आपल्या मराठीचीच जुनी, जलद लिहिण्याची लिपी. आता ती थोड्यांनाच वाचता येते. पण वाचता आले नाही म्हणून कागद निरुपयोगी होत नाही. इतिहासाचार्य राजवाडे असलेच कागद गोळा करीत गावोगाव फिरले. त्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. लोकांच्या घरांतल्या दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आला. तेव्हा मोडी कागद रद्दीत घालू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. आत्याचे बासन तसेच बांधून ठेवले आहे.

माळ्यावरचा रहाट आणि खुंटीवरची छत्री

शेवटी माळा. आत्याला वर चढता येईना. तिला खाली खुर्चीवर बसवले. मुलगे एकेक वस्तू खाली आणीत आणि तिच्यापुढे ठेवीत. सहा कंदील, तीन स्टोव्ह, पितळेचे घंगाळ, पोहरे, दोरखंड, भाजीच्या करंड्या. प्रत्येक वस्तूची एक गोष्ट निघे. थोरला घड्याळाकडे पाही. आम्ही त्याला खुणेने थांबवीत असू. गोष्ट सांगून झाली की बहुतेक वेळा आत्या आपणच म्हणे, "घेऊन जा आता." तिला वस्तूपेक्षा गोष्ट सांगायची होती. ऐकणारे कुणी नव्हते, म्हणून वस्तू राहिल्या होत्या.

कोपऱ्यात रहाटाचे लाकडी चाक आणि गाडग्यांची माळ होती. तरुणांना रहाट माहीत नसेल. बैल गोल फिरे. त्याने आडवे चाक फिरे, त्याच्या दात्यांनी उभे चाक फिरे. उभ्या चाकावरची गाडग्यांची माळ विहिरीत उतरे, भरून वर येई आणि पाटात पाणी ओती. वसईच्या केळी आणि पानवेली अशा रहाटांवर वाढल्या. पंप आले, रहाट थांबले.

हे चाक सरपणात घालावे असे थोरल्याचे मत. आत्या गप्प. आम्ही त्यांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची हकिगत सांगितली. दिनकर केळकर या गृहस्थांनी आयुष्यभर लोकांच्या घरांतल्या साध्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, भांडी. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. १९७५ साली सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. आज लोक तिकीट काढून तो पाहायला जातात. लोकांच्या घरात अडगळ झालेली वस्तू तिथे मानाने ठेवलेली आहे.

आत्या म्हणाली, "मग आपल्या शाळेत देऊ. पोरं बघतील." चाक गावच्या शाळेत गेले. आत्याने चिठ्ठी लिहिली : "रहाटाचे चाक. आमच्या वाडीतले."

मग थोरल्याने माळ्यावरून एक छत्री काढली. कापड नाही, नुसत्या काड्या. तो हसला. म्हणाला, "आई, ही तरी टाकायची ना?"

आत्याने हात पुढे केला. छत्री मांडीवर घेतली. काही बोलली नाही.

थोरला पुन्हा काही बोलणार, तोच आम्ही त्याला ओटीवर नेले आणि झबल्याची गोष्ट सांगितली. ती आम्ही आजवर कुणाला सांगितली नव्हती. तो ऐकून आत गेला. आईच्या पुढे बसला. म्हणाला, "बाबांची ना गं?" आत्याने मान हलवली. थोरल्याने खाटेजवळच्या भिंतीला खिळा ठोकला आणि छत्री टांगली. ती आजही तिथेच आहे. तिच्यामुळे वॉकरला अडथळा होत नाही. मग ती असेना का!

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

आत्याचे घर आवरायला एकूण तेरा दिवस लागले. टेम्पो आला, दोनदा आला. पण फाटकाशी वॉकर धरून आत्या उभी होती आणि काय चढते ते पाहत होती. जुने कपडे बोहारणीला दिले, भांडी मिळाली. तांब्या-पितळेचा भाव आधी दोन ठिकाणी विचारला, मगच विकले. आलेले पैसे आत्याच्या हातात दिले. वस्तू तिची, तर पैसेही तिचे.

आता थोडक्यात सांगतो. घरी जाऊन वहीत उतरून घ्या.

वडीलधाऱ्यांच्या घरी त्यांच्या पाठीमागे काही टाकू नये.

"अडगळ", "कचरा", "पसारा" हे शब्द त्यांच्यापुढे काढू नयेत.

आधी वाट मोकळी करावी. मग स्वयंपाकघर, मग कागद. माळा सर्वांत शेवटी.

कागद वाचल्याशिवाय टाकू नये. पेटी, डबा, खोळ, खिसा चाचपून पाहावा.

रोज थोडे काम करावे. माणूस थकले की थांबावे.

त्यांनी एखादी निरुपयोगी वस्तू ठेवली, तर ठेवू द्यावी. सगळे जिंकायचे नसते.

आणखी एक. काही माणसांत साठवण्याची सवय हाताबाहेर जाते. घरात निजायला जागा उरत नाही, नासलेले अन्नही टाकू देत नाहीत. कधी विसरही पडू लागतो. हा हट्ट नसून आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत अशा साठवण्याला आजार म्हणून जागा मिळाली आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. अशा माणसाला दरडावू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आत्या आता ८४ वर्षांची आहे. ती आगाशीलाच राहते. त्या दिवसांनंतर ती पडलेली नाही. मुलगे दर रविवारी येतात. गेल्या महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा तिच्या कपाटाची किल्ली देवघराच्या कोनाड्यात होती, साऱ्यांना दिसेल अशी. आम्ही ती पाहिली. आम्हांला आईची आठवण झाली.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आई असेल, आजी असेल. यंदा दिवाळीला किंवा नाताळला त्यांच्या घरी जाल, तेव्हा झाडू घेण्याआधी त्यांच्याजवळ बसा. एखादी जुनी वस्तू त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "ही कुणाची?" मग ऐका. आणि तुम्ही आता लिहायला शिकला आहात, तर त्या सांगतील ते वहीत लिहून ठेवा.